अडतीस तोंडांचा फोटो

माले गावाच्या अलीकडे एका वळणावर रस्त्याला लागूनच एक अंगण आहे. हिवाळ्यातल्या एका रविवारी संध्याकाळी त्या अंगणात तीन कोंबड्या एका तिपाईवर चढून बसल्या होत्या. तिपाई सागवानी होती. पायांना पितळी पेच होते, पाय मधोमध दुमडायची सोय होती आणि कोंबड्या ज्या फळीवर बसल्या होत्या तिच्या मध्यभागी बोटभर भोक होतं. मी गाडी बाजूला घेतली.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“कोंबड्या.”

“कोंबड्यांचं काय?”

“कॅमेऱ्याच्या तिपाईवर बसल्यात.”

बावधनच्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा सत्तावीस जुने कॅमेरे होते. कपाट भरल्यामुळे त्यातले चार स्वयंपाकघरात डाळींच्या डब्यांमागे गेले होते. “अठ्ठाविसावा उशाखाली ठेवा,” बायको म्हणाली आणि मोबाइल काढून वाचत बसली.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कसला तरी नाद लागतोच. माझे एक सहकारी सोसायटीचे सचिव झाले आणि शेजाऱ्यांना नोटिसा पाठवू लागले. त्या मानाने कॅमेरे निरुपद्रवी आहेत.

अंगणात एक म्हातारे गृहस्थ खाटेवर बसून दोर वळत होते. त्यांच्या मागे, जाळीच्या कुंपणात, मेंढरं नुकतीच आत घेतलेली दिसत होती. चुलीपुढून त्यांची बायको उठून आली. मी तिपाईकडे बोट दाखवून ती कुणाची, असं विचारलं.

“कोंबड्यांची,” त्या म्हणाल्या.

“त्याआधी कुणाची होती, मावशी?”

“त्याआधी ह्यांच्या येडेपनाची.”

म्हाताऱ्यांनी दोर खाली ठेवला आणि हकिकत सांगितली. भात निघालं की धनगर आपली मेंढरं रात्री शेतकऱ्याच्या रानात बसवतो. रानाला लेंडीखत मिळतं, धनगराला त्याबदली धान्य. पौडात फोटोचा स्टुडिओ चालवणाऱ्या एका माणसाचं इथे ओढ्याकाठी रान होतं. बाबा, म्हणजे हे गृहस्थ, दरवर्षी त्या रानात मेंढरं बसवत. एका वर्षी स्टुडिओ बंद झाला, आणि त्या माणसाने धान्याऐवजी कॅमेरा दिला.

“म्या म्हनलं, भात द्या. तर म्हनला, भात उंदरं खात्याली, ह्याला कोन खातंय?”

“उंदरांनी ह्ये बी खाल्लं,” मावशी म्हणाल्या. “आमाला तेवडं बी आलं न्हाई.”

कॅमेरा पत्र्याच्या ट्रंकेत गोणपाटात गुंडाळलेला होता. लाकडी बांधणी, पितळी भिंग, त्यावर चामड्याची टोपी, मागे दुधी काच आणि दोन्हींच्या मध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्यांचा चामडी भाता. दुधी काच शाबूत होती, हे आश्चर्य. भात्याचे कोपरे कुरतडलेले होते, यात आश्चर्य नव्हतं. कारखान्याच्या नावाची पट्टी निघून गेली होती. तिच्या जागी खिळ्यांची दोन भोकं उरली होती.

मी किंमत विचारली. बाबांनी मान हलवली.

“आमी मेंढरू इकताना गिऱ्हाईक दात बघतं, पाय बघतं, चालवून बघतं. ह्येचं तुमी काय बघितलं? चालतोय का न्हाई ठावं न्हाई, आन न्यायला निगाले. उद्या म्हनाल, म्हाताऱ्यानं फशिवलं.”

“मी नाही म्हणणार, बाबा.”

“तुमी न्हाई म्हननार. मला वाटंल.”

मग त्यांनी अट घातली. येत्या गुरुवारी सकाळी व्यापारी येणार होता आणि सगळी मेंढरं घेऊन जाणार होता. जिथे ती बसवायची त्या रानांना आता भिंती आल्या होत्या, भिंतींच्या आत बंगले येणार होते. एक मुलगा बावधनला सोसायटीच्या गेटवर होता, दुसरा गाडी चालवत होता, आणि बाबांचे गुडघे डोंगर चढायला तयार नव्हते. गुरुवारच्या आत या कॅमेऱ्याने सगळ्या मेंढरांचा एक फोटो काढायचा. सगळ्यांची तोंडं त्यात दिसली पाहिजेत. फोटो आला तर कॅमेरा माझा, पैसे नकोत. नाही आला, तर कोंबड्यांची तिपाई कोंबड्यांना.

“किती आहेत?”

“अडतीस.”

“मुलाच्या मोबाइलवर काढला नाही कधी?”

“काडला की. एकाचं तोंड आन सदतिसांची ढुंगनं.” शिवाय तो मोबाइल मुळशीच्या पाण्यात पडला होता, ढुंगणांसकट.

मी अट मान्य केली. अट सोपी वाटली, कारण मला मेंढरांबद्दल काहीच माहिती नव्हती.

कॅमेऱ्याच्या रचनेचा इतिहास हा मुख्यतः तक्रारींचा इतिहास आहे. पहिल्या कॅमेऱ्यांत एका लाकडी पेटीत दुसरी पेटी सरकत असे. ती जड होते अशी तक्रार आली, म्हणून मधलं लाकूड काढून तिथे चामडी भाता लावला. दुधी काचेवर चित्र उलटं दिसतं, डोकं खाली आणि पाय वर, अशी तक्रार तर पहिल्या दिवसापासून होती. पुढे कोणी तरी आत तिरका आरसा बसवला. त्याने पाय खाली आणले, पण डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे तसंच राहिलं. तेही सरळ करायला आरशावर पाच कोनांचा काचेचा लोलक बसवावा लागला, आणि तिथपर्यंत पोचायला कारागिरांच्या काही पिढ्या गेल्या. बाबांचा कॅमेरा या सगळ्याच्या आधीच्या घराण्यातला होता. त्याला झडपही नव्हती. भिंगावरची टोपी काढायची, आकडे मोजायचे आणि टोपी परत लावायची. त्याच्या मापाची काच किंवा फिल्म आता सहज मिळत नाही. जमवणारे लोक फोटोचा कागद कापून त्याच्या चौकटीत घालतात. हा कागद मंद असतो. कोवळ्या उन्हात त्याला दोन सेकंद लागतात.

दोन सेकंद. अडतीस मेंढरं. हे गणित मी रविवारी रात्री केलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी भाता दुरुस्त केला. भात्याचं कातडं वासराचं असावं, असं मी वाचलेल्या माहितीच्या आधारे सांगितलं. बाबांनी ते अंगठा आणि बोट यांच्यात धरून चुरलं.

“शेरडाचं हाय.”

“कशावरून?”

“तुमी वाचून सांगताय, म्या सोलून.”

भोकं शोधायला अंधार लागतो. मी खोलीची खिडकी झाकायला काही तरी शोधत होतो, तेवढ्यात बाबांनी अंगावरची घोंगडी काढून माझ्यावर टाकली. आत मी, कॅमेरा आणि टॉर्च. टॉर्च भात्यात घातल्यावर कोपऱ्यांत अकरा ठिपके चमकले. ठिगळं लावून झाल्यावर एकही चमकला नाही. घोंगडीतून बाहेर आलो तेव्हा मावशींनी माझा वास घेतल्यासारखं नाक फेंदारलं.

“आता सायेब घरचं झालं.”

मंगळवारी दुपारी पहिला प्रयत्न झाला. दुपार निवडण्यामागे माझा विचार असा होता की ऊन भरपूर, म्हणजे वेळ कमी लागेल. शिवाय बाबांनी सांगितलं होतं, दुपारी मेंढरं हलत नाहीत. ते खरं निघालं. उन्हाच्या तडाख्यात सगळा कळप एका जागी गोळा झाला आणि दगडासारखा उभा राहिला. प्रत्येक मेंढराने आपलं डोकं शेजारच्याच्या पोटाखाली सावलीला खुपसलं होतं. अडतीस पाठी दिसत होत्या. तोंड एकही नव्हतं.

“तुम्ही बोलला नाहीत हे,” मी म्हणालो.

“तुमी इचारलं, हलत्यात का. तोंडाचं कुटं इचारलं?”

बातमीदाराला चुकीचा प्रश्न विचारल्याबद्दल संपादक याहून कमी शब्दांत झापत नसत.

संध्याकाळी दुसरा प्रयत्न. कळप परतून ओढ्याच्या अलीकडे विखुरला होता, तोंडं वर होती. दुधी काचेवरचं चित्र दिसायला मागे अंधार लागतो. स्टुडिओवाले त्यासाठी काळं कापड वापरत. काळं कापड मी बावधनला विसरलो होतो. बाबांनी पुन्हा घोंगडी दिली. ती डोक्यावरून घेऊन मी आत शिरलो. काचेवर कळप उलटा टांगलेला दिसत होता, पाय आभाळात. मी भिंग पुढेमागे करून चित्र स्पष्ट केलं. ते लगेच अस्पष्ट झालं. पुन्हा केलं, पुन्हा अस्पष्ट. भिंगात दोष असावा असं मला वाटलं. मग काचेवर एक नाकपुडी आली, एवढी मोठी की बाकी काहीच उरलं नाही.

घोंगडी बाजूला करून पाहिलं तर सगळा कळप माझ्याभोवती उभा होता. नर मेंढा तिपाईचा पाय हुंगत होता. बाबा बांधावर बसून हसत होते, आणि हसताना दोन्ही हातांनी गुडघे धरत होते.

“घोंगडीचा वास त्येंला ठावं. त्येंला वाटलं म्याच हाय.”

“मग घोंगडी दिलीत कशाला?”

“म्हनलं, बघू तरी फसत्यात का.”

मावशी अंगणातून ओरडल्या, “आवो सायेब, ह्येंच्या नादी लागू नगा! यापाऱ्यालाबी आसाच खेळवून सोडंल म्हातारा.”

एकूण हाती काही नव्हतं, आणि बुधवारची सकाळ तेवढी उरली होती. त्या संध्याकाळी आम्ही तिघं अंगणात बसलो, आणि मी प्रश्न नीट विचारायला सुरुवात केली. मेंढरं कधी बसलेली असतात? पहाटेपासून ऊन वर येईपर्यंत, जाळीच्या आत, रवंथ करत. तेव्हा तोंडं कुठे असतात? चहूकडे. ती एका दिशेला करता येतात का?

बाबांनी जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. कुंपणातल्या अडतीसच्या अडतीस माना आमच्याकडे वळल्या.

“पुन्हा काढा,” मी म्हणालो आणि घड्याळ धरलं.

मेंढरं बाबांकडे बघत राहतात ते साधारण तीन सेकंद. तेवढ्यात चारा दिसला नाही, की त्यांचा बाबांमधला रस संपतो. मी सात वेळा मोजलं. आठव्यांदा मेंढरांनी वळणंच सोडून दिलं.

“आता पुरं करा,” बाबा म्हणाले. “सकाळी माझ्यावर इस्वास उरायचा न्हाई.”

बुधवारी सकाळी धुकं होतं. ते निवळेपर्यंत आम्ही थांबलो. घोंगडी या खेपेला घरात ठेवली होती. बायकोची काळी साडी आणली होती, तिला न विचारता. बाबा बरोब्बर कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिले, म्हणजे त्यांच्याकडे बघणारं मेंढरू भिंगाकडे बघणार. मी साडीच्या आत त्यांना एकदा डोकावू दिलं. उलटा कळप बघून ते गोंधळतील असा माझा अंदाज होता. त्यांनी काचेवर बोट ठेवून सांगितलं, “त्या काळतोंडीला जरा पुढं घ्याया पायजे. ह्या ठिपक्याच्या बांडीच्या मागं लपलीया.” पाय आभाळात असतानाही त्यांना प्रत्येक मेंढरू ओळखू येत होतं. त्यांनी जाळीत जाऊन काळतोंडीला दोन हात पुढे ओढलं आणि परत येऊन उभे राहिले.

“तुम्हीही त्यांच्यात बसा ना,” मी म्हणालो. “तुमचाही येईल.”

“आन मग आवाज कोन काडंल? तुमी?”

मी काढून पाहिला. एकाही मेंढराने मान वळवली नाही. एक कोंबडी आली.

मग बाबांनी आवाज काढला. मी टोपी काढली, एक, दोन, टोपी लावली. कागदाच्या चौकटीला दोन बाजू असतात म्हणून दुसराही काढला. दुसऱ्यात निम्मी मेंढरं उठून उभी राहिली होती. पहिलाच खरा.

घरी मोरीत लाल दिवा लावून कागद धुतला. बाहेरून बायको म्हणाली, “आंघोळ कुणाची चाललीय, तुमची की मेंढरांची?” साडीचा वास तिच्यापर्यंत पोचला होता. कागदावर निगेटिव्ह आली: आभाळ काळं, काळी तोंडं पांढरी. भिंगाखाली मोजलं. अडतीस.

गुरुवारी व्यापारी आला आणि टेम्पोतून मेंढरं घेऊन गेला. मी तेव्हा तिथे नव्हतो. छपाईचा कागद शहरातल्या दुकानातून यायला शनिवार उजाडला. शनिवारी रात्री निगेटिव्ह नव्या कागदावर ठेवून, वर काच दाबून, दिवा लावून फोटो छापला. तो किंचित मऊ, म्हणजे धूसर आला, भाता जुना असल्यामुळे असेल असं मी ठरवलं. रविवारी तो घेऊन मालेला गेलो.

बाबा खाटेवर होते. अंगणामागचं जाळीचं कुंपण गुंडाळून भिंतीशी ठेवलं होतं. त्यांनी फोटो दोन्ही हातांत धरला, उन्हाकडे तिरका केला आणि बराच वेळ पाहिला.

“ही आमची मेंढरं न्हाईत,” ते म्हणाले.

तीन दिवसांपूर्वी कळप गेलेल्या माणसाशी वाद घालणं बरं दिसलं नसतं. मावशींनी फोटो घेतला, पाहिला, आणि त्यांचाही चेहरा बदलला.

“व्हय की. ही तर ह्यांच्या चुलतभावाची.”

“मावशी, मी स्वतः काढलाय. बुधवारी. तुम्ही चहा दिलात.”

“च्या दिला म्हून मेंढरं बदलत्यात व्हय?”

बाबांनी मला जवळ बसवलं आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. कोकरू असतानाच कानाला काप देतात, कुणाची मेंढरं कुठली ते कळावं म्हणून. त्यांच्या घराची खूण डाव्या कानाला. पलीकडच्या वाडीतल्या चुलतभावाची उजव्या. रानात दोन कळप मिसळले, तर कान बघून वेगळे करतात. फोटोतल्या प्रत्येक मेंढराचा काप उजव्या कानाला होता.

“आन ही बांडी,” ते म्हणाले, “ही कायम माझ्या डाव्या अंगाला बसती. हितं उजवीकडं बसवलीया. तिला कुनी उटवली?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. निगेटिव्हची चित्राची बाजू खाली, नव्या कागदाला चिकटून ठेवायची असते. मी ती वर ठेवली होती, कारण तीस वर्षं मी प्रत्येक कागद वाचता येईल असा, छापील बाजू वर करून ठेवत आलो. चित्र कागदाच्या जाडीतून उतरलं, म्हणून मऊ झालं. आणि डाव्याचं उजवं झालं. आमच्या डेस्कवर असा उलटा फोटो छापून गेला की दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागे. शर्टाच्या गुंड्या कुठल्या बाजूला आहेत हे पाहायचं, असं नव्या मुलांना मीच शिकवलं होतं. मेंढरांना गुंड्या नसतात.

मी चूक सांगितली. हे समजल्यावर मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

“त्यो चुलतभाव दर दिवाळीला म्हनायचा, मेंढरं मला द्या. यापाऱ्याच्या आदी सायबांनी दिऊन टाकली!”

“त्येला दावू नगंस,” बाबा म्हणाले. “न्ह्यायला यील.”

दुसरा फोटो मंगळवारी नेला. या खेपेला चित्राची बाजू खाली होती आणि तशी ती आहे हे मी तीनदा तपासलं होतं. फोटो मऊ नव्हता. जाळीचा धागा न् धागा दिसत होता.

बाबांनी तो गुडघ्यावर ठेवला. आधी कान पाहिले, मग डावीकडून सुरुवात केली. बोट एका तोंडावरून दुसऱ्यावर जात होतं आणि प्रत्येकाला काही तरी म्हटलं जात होतं. ही दोनदा कोकरं जुळी दिली. ही भात खाऊन फुगली हुती, रातभर चोळली. हिची आय लांडग्यानं न्हेली. ह्यो खाटकाकडं गेला नसंल, नर चांगला हाय, कुनी तरी कळपाला ठिवला आसंल. मावशी मध्येच दुरुस्ती करत होत्या: फुगली ती ही नव्हे, ती पलीकडची. दोघांचं एका मेंढरावरून चांगलंच वाजलं, आणि शेवटी मावशींचं खरं ठरलं.

सदतीस झाली. अडतिसाव्यापाशी बोट थांबलं.

कुंपणाच्या कडेला एका मेंढराला दोन डोकी होती, दोन्ही पुसट. दोन सेकंदांत त्याने मान फिरवली होती. भिंगाखाली मोजताना मी ते एक तोंड धरलं होतं, आणि तो माझा ढिलेपणा होता. अट सगळ्या तोंडांची होती.

“हे नाही आलं, बाबा,” मी म्हणालो. “तुमच्या अटीत बसत नाही.”

बाबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग मावशींपुढे धरला. मावशींनी एकच नजर टाकली आणि दोघंही एकदम हसली.

“ही हाकेला कवा थांबलीया?” बाबा म्हणाले. “धा वर्सं मला बी हिचं तोंड नीट दिसलं न्हाई. ही आशीच दिसती. लई बराबर आलीया.”

ते उठले, आत गेले आणि गोणपाटात गुंडाळलेला कॅमेरा आणून माझ्या मांडीवर ठेवला.

“चालतोय. न्या.”